नाव आणि गोष्ट : पूर्वजस्मरणाचा एक पाठ
(इयत्ता ३ री ते ५ वीच्या वर्गांसाठी)

भाद्रपद वद्य पक्ष लागला की खेड्यांत घरोघर पित्रांची तयारी सुरू होते. घरातील वडीलधारे माणूस ज्या तिथीस गेले त्या तिथीस, आणि तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येस, त्यांच्या नावाने पान वाढले जाते. खीर होते, वडे होतात. घरावर घास ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. मुले हे सारे कुतूहलाने पाहत असतात. अशा वेळी एखादे मूल विचारते, "हे पान कुणाचे?" उत्तर मिळते, "तुझ्या पणजोबांचे." मूल पुढे विचारते, "ते कसे होते? काय करायचे?" येथे उत्तर बहुधा थांबते. "शेती करायचे, दुसरे काय?" एवढे बोलून मोठी माणसे कामाला लागतात.

त्या घरात पणजोबांचे नाव राहिले आहे. त्यांची गोष्ट मात्र गेली आहे. नाव राहावे म्हणून समाजाने पुष्कळ सोयी केल्या. गोष्ट राहावी म्हणून सोय अशी फारशी नाही. ती कोणीतरी सांगावी आणि कोणीतरी ऐकावी लागते. प्राथमिक शाळा ह्या कामी काय करू शकेल, ह्याचा विचार ह्या लेखात केला असून शेवटी पाठाची रूपरेषा दिली आहे.

रूढ रीती काय जपतात?

पूर्वजांचे स्मरण ही कोण्या एका जातीची वा धर्माची रीत नव्हे. श्राद्धविधीत पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजली जाते. नाशिक शहरात होळीच्या दुसऱ्या दिवशी घराण्यातील वीरांचे टाक मिरवत गोदावरीवर नेण्याची प्रथा आहे. मेळघाटातील कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्मारक उभारतात, त्यास ते मुंडा म्हणतात. मुसलमान कुटुंबे शब-ए-बरातच्या रात्री कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबर रोजी मृतांचे स्मरण करतात. बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. ह्या सर्व रीतींमागील भावना एकच आहे. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांना विसरू नये, ही ती भावना होय.

नावे जपणाऱ्या संस्थाही जुन्या आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुटुंबांची नावे पिढ्यान् पिढ्या लिहिलेली सापडतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर ह्या भागांत हेळवी गावोगाव फिरत येतो, घराण्याची वंशावळ वाचून दाखवितो, नव्या जन्मांची नोंद करून घेतो आणि त्याचे धान्य वा पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले.

ह्या नोंदींचे मोल मोठे आहे. परंतु त्यांत दोन उणिवा राहतात. पहिली उणीव अशी की, त्यांत माणसाचे नाव असते, पण त्याने काय सोसले आणि काय केले हे क्वचितच असते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बहुतेक वंशावळींत पुरुषांच्या पाठोपाठ पुरुष येतात. बायकांची नावे गळतात. मुलास आजीचे नाव विचारले तर ते "आजी" एवढेच सांगते. तिचे माहेर कोणते, लग्नापूर्वी तिला काय नावाने हाक मारीत, हे घरातील मोठ्यांनाही सांगता येतेच असे नाही. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बालकाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. आईचे नाव आता कागदावर येईल. पणजीचे नाव मात्र ज्यांच्या स्मरणात आहे त्यांनाच विचारावे लागेल.

ज्यांच्या घरी दप्तरे होती त्यांचा इतिहास लिहिला गेला. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी घरोघरची जुनी कागदपत्रे मिळवून १८९८ पासून ती छापण्यास प्रारंभ केला, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधने हाती आली. परंतु ज्यांच्या घरी कागदच नव्हता, ज्यांनी विहिरी खणल्या, बांध घातले, दगड फोडले, दळण दळले, त्यांचे दप्तर म्हणजे त्यांचे तोंड. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे, आणि त्या ओव्या गाणाऱ्या बहुतेक स्त्रियांना लिहिता येत नव्हते. त्या गायिल्या आणि कोणी तरी ऐकून लिहिले, म्हणून ते धन राहिले.

वेळ थोडा का आहे?

१९७२ च्या दुष्काळात जी मुलगी १४ वर्षांची होती तिने आता पासष्टी ओलांडली आहे. जो तरुण त्या वेळी २५ वर्षांचा होता तो पंचाहत्तरीच्या पलीकडे गेला आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा जे जाणते होते, ते आज गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. कोयना, जायकवाडी, उजनी ह्या धरणांत ज्यांची गावे बुडाली, त्यांपैकी जुने गाव डोळ्यांनी पाहिलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. असे एक माणूस गेले की त्याच्याबरोबर एका गावाची गल्ली, एका विहिरीची चव आणि दहा माणसांची नावे जातात. ती पुन्हा कोणत्याही पुस्तकातून मिळत नाहीत.

पूर्वी ह्या गोष्टी मुलांपर्यंत आपोआप पोहोचत. सायंकाळी दिवा लागला की अंगणात वाकळ पडे आणि आजीच्या कुशीत गोष्ट सुरू होई. आता त्या वेळी घरात दूरदर्शन संच बोलत असतो किंवा मुलाच्या हाती मोबाइल असतो. ह्याबद्दल मुलांस बोल लावण्यात अर्थ नाही. मुलाने आजीजवळ बसावे असे वाटत असेल तर त्यास तेथे बसण्याचे काही कारण दिले पाहिजे. आणि शाळेने दिलेला अभ्यास हे ग्रामीण घरात आजही मानले जाणारे कारण आहे. ज्या घरांतील आईबाप ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने बाहेर असतात आणि मुले आजी-आजोबांजवळ राहतात, तेथे तर हा अभ्यास त्या दोघांनाही सोबत देणारा ठरतो.

पाठाची रूपरेषा

उद्देश : (१) आपल्या घरातील मागील पिढ्यांची नावे व त्यांचे कष्ट मुलांस कळावेत. (२) वडीलधाऱ्यांस आदराने प्रश्न विचारण्याची व शांतपणे ऐकण्याची सवय लागावी. (३) ऐकलेले नीट क्रमाने लिहिता यावे. (४) घराची गोष्ट आणि देशाचा इतिहास ह्यांचा संबंध मुलांच्या ध्यानी यावा.

वेळ : पहिली तासिका प्रस्तावनेची, त्यानंतर आठ दिवस घरचे काम, त्यानंतर दोन तासिका सांगण्या-ऐकण्याच्या.

पूर्वतयारी : शिक्षकांनी शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर अगोदर चाळून ठेवावे. शाळा जुनी असेल तर वर्गातील काही मुलांच्या आजोबांची, क्वचित आजीचीही, नावे त्यात आढळतील. रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये. त्यात जातीचा रकाना असतो. शिक्षकांनी स्वतः केवळ नाव आणि प्रवेशाचे वर्ष वाचून दाखवावे. "तुझे आजोबा ह्याच शाळेत १९६५ साली पहिलीत बसले," असे ऐकून मुलाचा चेहरा कसा उजळतो, हे पाहण्यासारखे असते.

प्रस्तावना : वर्गात एक साधी जुनी वस्तू आणावी. कंदील, पायली, जात्याचा खुंटा, पाटी, काहीही चालेल. ही वस्तू कोण वापरीत असे, कशी वापरीत असे, हे मुलांकडून काढून घ्यावे. जी माहिती मुलांस सांगता येणार नाही, ती कुणाला विचारावी लागेल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा.

हेतुकथन : शिक्षकांनी प्रथम आपल्याच आजी-आजोबांची एक लहानशी गोष्ट पाच मिनिटांत सांगावी. ती पराक्रमाची नसावी, साध्या कामाची असावी. शिक्षकांची आजी शेण्या थापीत असे, ही गोष्ट ऐकलेल्या मुलास आपल्या आजीची गोष्ट सांगण्याचा संकोच राहत नाही. त्यानंतर, "आता प्रत्येकाने आपल्या घरची एक गोष्ट आणावयाची आहे," असे सांगावे.

घरी विचारावयाचे प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत. ते पाचांहून अधिक नसावेत :

१. आजी, तू माझ्याएवढी होतीस तेव्हा सकाळी उठून कोणते काम करायचीस?
२. तेव्हा घरात उजेड कशाचा होता आणि पाणी कुठून आणायचे?
३. तुझ्या आईचे नाव काय होते? तिचे माहेर कोणते?
४. सगळ्यांत कठीण दिवस कोणते आले? तेव्हा कुणाची मदत झाली?
५. तुझ्या आजीने तुला सांगितलेली एखादी गोष्ट आठवते का?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मूल पहिली पिढी धरले तर आजी तिसरी आणि आजीची आजी पाचवी पिढी होते. म्हणजे एका प्रश्नात मूल पाचव्या पिढीपर्यंत जाऊन पोहोचते. प्रश्न आजोबांस विचारावयाचे असल्यास "तुम्ही" असे, घरच्या रीतीप्रमाणे विचारावेत.

एका टिपणाचा नमुना

दुष्काळी तालुक्यातील चौथीच्या मुलीचे टिपण पुढीलप्रमाणे होऊ शकेल :

"माझी आजी १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांची होती. तेव्हा तिचे लग्न झाले नव्हते. ती तिच्या आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिच्या हाताला फोड यायचे. तिची आई चिंधी बांधून द्यायची. मुकादम हजेरी घ्यायचा. कामावर सुकडी मिळायची. आजी अर्धी सुकडी ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायची. घरी मिलोची भाकरी असायची. ती तांबडी असायची आणि कुणाला आवडायची नाही. आता त्या रस्त्याने एस. टी. जाते. आजी म्हणाली, ह्या रस्त्यात माझी खडी आहे."

इतके टिपण पुरेसे आहे. त्यातून शिक्षकांस काय काय शिकविता येईल ते पाहावे. चौदा वर्षांची आजी आज किती वर्षांची, हे गणित झाले. सुकडी, मिलो, मुकादम, हजेरी ह्या शब्दांचा परिचय हा भाषेचा अभ्यास झाला. पाऊस कोठे कमी पडतो व का, हा भूगोल झाला. इतिहास तर त्या खडीतच आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला ह्या अनुभवाने बळ मिळाले. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा सर्व देशासाठी केला. काम मागण्याचा हक्क कायद्यात आला, त्यामागे अशा लाखो हातांचे फोड होते. ज्या मुलीची आजी त्यांत होती, तिला इतिहास हा दूरच्या राजवाड्यांतला विषय वाटत नाही.

चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचे चरित्र महाराष्ट्रातील अनेक पिढ्या शिकल्या. त्या चरित्रातील मावळेही कोणाचे तरी पणजोबा होते, हे मुलांस सांगावे. मोठ्या चरित्राचा मान त्याने कमी होत नाही. उलट ते चरित्र मुलाच्या अंगणापर्यंत येते.

ऐकलेल्याची पारख

स्मरणाची गोष्ट आदराने ऐकावी, तशीच ती पारखूनही घ्यावी. मुलांस टिपणाच्या कडेला दोन खुणा करण्यास शिकवावे : आजीने स्वतः पाहिले असेल तेथे "पाहिलेले" आणि दुसऱ्याकडून ऐकले असेल तेथे "ऐकलेले". एवढ्या दोन शब्दांत पुराव्याचा पहिला धडा मिळतो. एकच घटना दोन वडीलधाऱ्यांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. खरे कोण, ह्याचा निवाडा वर्गात करू नये.

म्हातारी माणसे वर्ष सांगत नाहीत, घटना सांगतात. म्हणून काही वर्षे शिक्षकांजवळ तयार असावीत. मानमोडीची साथ १९१८ ची. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ चा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. ह्यांत गावच्या घटनांची भर घालावी. गावात वीज कोणत्या वर्षी आली, एस. टी. केव्हा सुरू झाली, शाळेची इमारत केव्हा झाली, ही वर्षे मिळाली की "वीज आली त्याच्या दुसऱ्या साली" असे म्हणणाऱ्या आजोबांचे वर्ष मुलांस स्वतः काढता येते.

लिहिलेले सारे खरे आणि बोललेले सारे संशयास्पद, असाही समज मुलांचा होऊ देऊ नये. जुन्या रजिस्टरात कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून लिहिलेली असते. ती कशी पडली हे शिक्षकांस सांगावयास नको. शाळेत घालताना तारीख कोणास ठाऊक नव्हती; गुरुजींनी वयाचा अंदाज बांधून शाळेस सोयीची तारीख लिहिली. अशा माणसाची आई "आखाजीच्या आदल्या दिवशी हा झाला" असे सांगत असेल, तर कागदापेक्षा तिचे बोलणे सत्याच्या अधिक जवळ असू शकते.

घ्यावयाची दक्षता

ह्या पाठाची खरी कसोटी एका क्षणी लागते. एक मुलगा उठून सांगतो, "आमच्या पणजोबांकडे पाटीलकी होती, घरी तलवार आहे." वर्ग आश्चर्याने पाहतो. त्याच वेळी मागच्या रांगेतील मूल खाली मान घालून म्हणते, "आमच्यात सांगण्यासारखे कुणी नाही." त्या मुलास तसेच बसू दिले तर पाठ फसला, इतकेच नव्हे तर त्यापासून अपाय झाला असे समजावे.

अशा वेळी शिक्षकांनी पूर्वजांचा मोठेपणा न विचारता त्यांचे काम विचारावे. गावच्या विहिरीचे कडे कोणी बांधले? तळ्याचा बांध कोणी घातला? शाळेच्या पायाचे दगड कोणी घडविले? वाटेवरची वडाची झाडे कोणी लावली? गावातील अशा प्रत्येक वस्तूवर कोणाच्या तरी पणजोबांचा, पणजीचा हात फिरलेला आहे. ज्याच्या घरी तलवार नाही त्याच्या घरी सुतकी असेल, आरी असेल, रापी असेल, विळा असेल. काही घराण्यांच्या आठवणींत वेठबिगारी आहे, पाणवठ्यावर झालेला अपमान आहे. मुलाने तसे सांगितले तर विषय बदलू नये. वेठ करणाऱ्याची त्यात काही लाज नाही, ती करवून घेणाऱ्यांची होती, हे शांत शब्दांत सांगावे. ज्यांचे पणजोबा १९५६ साली पदरमोड करून नागपूरला गेले, ज्यांच्या आजीने घरातील पहिली मुलगी शाळेत धाडली, त्यांच्याही गोष्टी गावाच्या अभिमानाच्याच आहेत.

ह्याखेरीज पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) कुळ, जात, जमीन, इनाम ह्यांसंबंधी प्रश्न विचारू नयेत. गोष्टींची स्पर्धा लावू नये. क्रमांक व बक्षिसे देऊ नयेत.

(२) ज्या मुलास आजी-आजोबा नाहीत, किंवा ज्याचे कुटुंब परगावाहून आले आहे, त्याने शेजारच्या कोणत्याही वडीलधाऱ्याची गोष्ट आणावी. हा पर्याय सर्वांना प्रथमच सांगावा, म्हणजे त्या मुलास वेगळे वाटणार नाही.

(३) घरात अलीकडे मृत्यू झाला असेल, विशेषतः तो दुःखद रीतीने झाला असेल, तर मुलास बोलण्याचा आग्रह करू नये. त्याने इतरांचे ऐकले तरी पुरे.

(४) शाळेत पूजा, नैवेद्य वा कोणताही विधी करू नये. पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. घरी ज्याची त्याची रीत ज्याने त्याने पाळावी. शाळेत सर्वांनी मिळून गोष्ट ऐकावी. पितरांच्या कोपाच्या वा शापाच्या कथा आल्यास त्यांची भीती मुलांच्या मनात राहू देऊ नये. ज्यांनी आपल्यासाठी अर्धी सुकडी राखून ठेवली ते आपले वाईट इच्छीत नसतात, एवढे सांगणे मुलांस पटते.

(५) घरच्यांच्या संमतीवाचून कोणतीही गोष्ट, छायाचित्र वा ध्वनिमुद्रण मोबाइलवरून बाहेर पाठवू नये. घरातले बोलणे विश्वासाने सांगितलेले असते.

संकलन, उपयोजन आणि मूल्यमापन

दोन तासिकांत सर्व मुलांनी आपापली गोष्ट दोन-तीन मिनिटांत सांगावी. वर्ग मोठा असल्यास गट करावेत. त्यातील एखाद्या तासिकेस गावातील दोन वडीलधारी माणसे, शक्यतो एक आजी व एक आजोबा, ह्यांस बोलवावे. त्यांस व्यासपीठावर बसवून सत्कार करण्याची गरज नाही. मुलांच्या मध्ये सतरंजीवर बसवावे, पाणी द्यावे आणि मुलांस प्रश्न विचारू द्यावेत. ज्या बाईंनी सही करण्याऐवजी आयुष्यभर अंगठा उठविला, त्या वर्गात बसून बोलत आहेत आणि वीस मुले त्यांचे बोलणे लिहून घेत आहेत, ह्याहून अधिक मान तो कोणता?

संकलनात फळ्यावर तीन रकाने आखावेत : काम, कठीण दिवस, मदत. मुलांनी सांगितलेल्या गोष्टींतून एकेक शब्द त्यांत भरावा. रकाने भरत आले की मुलांस आपोआप दिसते की, निरनिराळ्या आळ्यांतील घरांचे कठीण दिवस बहुधा एकच होते आणि एका घरास मदत दुसऱ्या घराने केली होती.

उपयोजन म्हणून प्रत्येक मुलाने आपले टिपण सुवाच्य अक्षरांत एका पानावर उतरवावे. पानाच्या माथ्यावर ज्यांची गोष्ट आहे त्यांचे पूर्ण नाव लिहावे. स्त्रीची गोष्ट असेल तर तिच्या माहेरचे गाव आणि तिच्या आईचे नावही लिहावे. ही पाने शिवून वही करावी व तिला "घरच्या गोष्टींची वही" असे नाव द्यावे.

मूल्यमापनात घराण्याचे वा गोष्टीच्या भव्यतेचे गुण देऊ नयेत. मुलाने प्रश्न विचारले काय, ऐकलेले क्रमाने मांडले काय, पाहिलेले व ऐकलेले वेगळे केले काय, आणि दुसऱ्याची गोष्ट चालू असता ते स्वस्थ बसून ऐकत होते काय, एवढेच पाहावे. ह्यांतील शेवटच्या गोष्टीस अधिक महत्त्व द्यावे.

पाठाची वेळ शक्य तर भाद्रपदाच्या आगेमागे धरावी; घरोघर आठवणी निघण्याचे ते दिवस असतात. खानदेशात आखाजी उन्हाळ्यात येते व नंतर सुटी लागते, तेव्हा तेथे प्रश्न सुटीचा अभ्यास म्हणून द्यावेत आणि गोष्टी जूनमध्ये ऐकाव्यात.

वही तयार झाली की ती शाळेच्या कपाटात, दाखल-खारीज रजिस्टराच्या शेजारी ठेवावी. रजिस्टरात गावाची नावे आहेत, वहीत त्या नावांच्या गोष्टी येतील. पुढील वर्षीच्या वर्गास ती प्रथम वाचून दाखवावी आणि मग नवी पाने जोडावीत. पुढे ज्या आजी हयात नसतील, त्यांची नातवंडे आपल्या मुलांचे नाव घालण्यास ह्याच शाळेत येतील. तेव्हा गुरुजींनी वा बाईंनी कपाट उघडून ते पान काढून दाखवावे.